झोपमोड

झोपलेल्यास जागे करता येते, झोपेचे सोंग घेतलेल्यास नाही, असे आपल्याकडे म्हणतात. म्हणणाऱ्याने निजणाऱ्यांचे दोनच वर्ग धरले. सोंग घेत नाही आणि तरीही हाकेला उठत नाही, असा तिसरा मनुष्य त्याने पाहिलेला नसावा.

भिलाईत १९५९ साली पहिली झोतभट्टी सुरू झाली, तेव्हापासून हे गाव तीन पाळ्यांत जगते. भर दुपारी कोणाच्या तरी घरी मध्यरात्र चाललेली असते. तेथे पोरांना दटावले जाते, कडी हलक्या हाताने लागते. निजलेल्यांवर शस्त्र चालविले म्हणून अश्वत्थाम्याचा धिक्कार करणारी आपली परंपरा. तीत झोपमोड हेही एक लहानसे पापच ठरते. आम्हीही ते पाप टाळीत आलो होतो.

एका रविवारी दुपारी शेजाऱ्यांकडे गेलो. दारातच वहिनींनी ओठांवर बोट ठेवले. “हळू बोला भावजी, रात्रपाळी करून आलेत. आज कधी नव्हे ते गाढ झोपलेत.” आतून घोरणे ऐकू येत होते, पण त्यात पाण्यासारखी घरघर होती आणि दोन श्वासांमधले अंतर आम्हांस लांब वाटले. आम्ही परत फिरलो. फाटकापर्यंत जाऊन पुन्हा आलो. त्या वीस पावलांत आम्ही काय विचार केला, हे सांगावयास आजही लाज वाटते: ‘उठवले आणि काही नसले, तर हसे होईल, विचारले, तर भलताच संशय घेतल्यासारखे होईल.’ कचेरीत निर्णय टाळावयाचा असला की आम्ही कागद वरिष्ठांकडे पाठवतो. श्वास असा पुढे पाठवता येत नाही.

झोप येईना म्हणून डॉक्टरांनी दिलेली गोळी त्यांनी पुन्हा घेतली होती, मग आणखी एकदा. घेतल्याचे स्मरणही अर्धवट. वर सर्दीच्या औषधाची गुंगी. हाका मारल्या, खांदे हलविले, छातीच्या हाडावर बोटांची पेरे घासली. कपाळाला आठीसुद्धा पडली नाही. ओठ निळसर होते. १०८ ला बोलावले, गाडी येईपर्यंत त्यांना कुशीवर वळवून ठेवले आणि गोळ्यांचे पाकीट बरोबर घेतले. कोणी मिठाचे पाणी पाजा म्हणाले, कोणी कडक कॉफी. दोन्ही चूक. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात घातलेले, किंवा त्याच्याकडून ओकविलेले, फुप्फुसात जाऊ शकते.

खऱ्या झोपेत शरीराचा पहारा चालू असतो. मनुष्य कूस बदलतो, ठसका लागला तर खोकतो, नाव ऐकले तर हुंकारतो. जादा गोळीने पहारेकरीच निजतो: श्वास संथ आणि उथळ होतो, जीभ मागे पडते, अंग गार व घामट होते. त्याआधी बोलणे जड होते, पाय लटपटतात, विचारल्याचे भलतेच उत्तर येते. अशा वेळी ‘निजू द्या, झोपेने उतरेल’ म्हणणे धोक्याचे. मद्य किंवा अफूच्या जातीचे वेदनाशामक पोटात असेल, तर अधिकच.

१० ऑक्टोबर १९६४ रोजी सकाळी मुंबईत गुरुदत्त अंथरुणात मृत आढळले. मद्य आणि झोपेच्या गोळ्या यांचा तो परिणाम होता. अपघात की हेतुपूर्वक, हा वाद अद्याप मिटलेला नाही. चरित्रकारांना तो प्रश्न टाळता येणार नाही. पण उंबरठ्यावर उभ्या असलेल्या शेजाऱ्याला त्याची गरज काय? हेतू कोणताही असो, निळ्या ओठांचा अर्थ बदलत नाही. आपण मात्र आधी हेतू तपासू पाहतो, कारण उठविणे म्हणजे आरोप करणे, असे मनाने धरलेले असते. पोलिसांची भीती हेही एक कारण. वास्तविक २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न करणाऱ्यास तीव्र मानसिक ताणाखाली असलेला मानले आहे, आणि त्याची काळजी घेणे हे सरकारचे कर्तव्य ठरविले आहे.

मग ज्याला खरोखरच जगावयाचे नव्हते, त्याला उठविण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला? हा प्रश्न आम्ही हलका मानत नाही. परंतु तो त्याने जागेपणी आम्हांस विचारावा. रात्रभर भांडावा. १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर परक्या माणसाशीही बोलावे. निजलेल्याच्या वतीने आम्हीच उत्तर देऊन परत फिरावे, हे मात्र पटत नाही.

शेजारी बरे झाले. गोळ्यांचे पाकीट आता वहिनींच्या ताब्यात असते. रात्रपाळीनंतरच्या दुपारी त्या अधूनमधून आत जाऊन त्यांना नावाने हाक मारतात, आणि भिंतीपलीकडून आम्हांस त्यांचे खेकसणे ऐकू येते, “अगं, झोपू देशील की नाही?”