निष्काम कुणी व्हायचं?

फुकट काम करणाऱ्याला गीता ऐकवणारी माणसं मला हल्ली फार भेटतात. त्यातली काही घरी येतात, काही ईमेलवर.

नोकरी सांभाळून, रात्रीची जेवणं आटोपल्यावर मी एक लहानसं मुक्त सॉफ्टवेअर सांभाळते. मराठी नावांची यादी मराठी वर्णक्रमानं लावायची, एवढंच त्याचं काम. 'ळ' हा 'ह'च्या मागून, 'क्ष' आणि 'ज्ञ' अगदी शेवटी. कोड सगळ्यांना खुला आहे. कुणीही घ्यावा, बदलावा, वाटल्यास विकावासुद्धा. माझ्याबरोबर आणखी दोघं आहेत, एक नागपूरचा आणि एक कॅनडात स्थायिक झालेली. पगार कुणालाच नाही, आणि त्याबद्दल तक्रारही नाही.

गेल्या पावसाळ्यात एका मोठ्या कंपनीतल्या मुलाचं पत्र आलं. त्यांच्या ग्राहकांच्या यादीत कऱ्हाडे आडनावाची माणसं दोन वेगवेगळ्या ठिकाणी जात होती. दुखणं जुनंच आहे. 'ऱ्ह'मधला तो डोळ्याच्या पापणीसारखा र संगणकात दोन तऱ्हांनी साठवता येतो. एकात नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यांच्यामागे एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, पण संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी आडनावं. "उद्या संध्याकाळपर्यंत दुरुस्त करून द्या," असं पत्रात होतं. मी कळवलं, माझ्याकडून पंधरवडा लागेल. घाई असेल तर तुमच्यापैकी कुणी दुरुस्ती लिहून पाठवा, मी लगेच तपासून घेते. त्यावर हात जोडलेल्या चिन्हासकट उत्तर आलं: "मॅडम, ओपन सोर्स म्हणजे निष्काम कर्म. फळाची अपेक्षा कशाला?"

मी पैसे मागितलेच नव्हते. पण प्रश्न डोक्यात राहिला. निष्काम व्हा, हे नेमकं कुणी कुणाला सांगायचं असतं?

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात फळाचा लोभ सोडायला सांगितलंय ते करणाऱ्याला. आणि सांगणारा कोण? रथात मागे टेकून बसलेला कुणी नव्हे. घोड्यांचे लगाम हातात धरून तो स्वतः दुसऱ्याचा रथ हाकत होता. तिसऱ्या अध्यायात तो म्हणतोच, की मला मिळवायचं असं काही उरलेलं नाही, तरी मी कामात आहे. आपल्याकडे ही गोष्ट ज्यांनी पुन्हा सांगितली, त्यांचंही तसंच. टिळकांनी 'गीतारहस्य' लिहिलं ते मंडालेच्या तुरुंगात. १९१५ साली ते छापून आलं. विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली ती १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात, आणि ती उतरवून घेतली साने गुरुजींनी. ही सगळी आधी स्वतः राबलेली, मग बोललेली माणसं. फळ सोडायची भाषा त्यांच्या तोंडी शोभते, कारण सोडलेलं फळ त्यांचं स्वतःचं होतं.

घेणाऱ्याला गीता काय सांगते, तेही त्याच तिसऱ्या अध्यायात आहे, पण ते कुणी फॉरवर्ड करत नाही. मिळालेलं उपभोगून जो परत काहीच देत नाही, त्याला तिथं सरळ चोर म्हटलंय. पुढच्याच श्लोकात जो फक्त स्वतःपुरतं रांधतो, तो पाप खातो असं आहे. आणि फिरत ठेवलेल्या चक्राला जो हात लावत नाही, त्याचं जगणं फुकट गेलं, असंही. एकच ग्रंथ, दोन पत्ते. दुसऱ्या अध्यायातला निरोप देणाऱ्यासाठी आहे, तिसऱ्यातला घेणाऱ्यासाठी. घेणारा जेव्हा देणाऱ्याचा निरोप उघडून त्यालाच वाचून दाखवतो, तेव्हा तत्त्वज्ञानाचं वसुलीपत्र होतं.

घरात हे जास्त लवकर कळतं. आमच्या सासूबाई वाईच्या. पहाटे उठून ज्ञानेश्वरीच्या ओव्या वाचतात आणि मग ओट्याशी लागतात. दिवाळीला त्यांच्या चकल्या अख्ख्या घराण्यात वाटल्या जातात. मागच्या दिवाळीत धाकटे दीर आले, पाचवी चकली मोडता मोडता म्हणाले, "आई, यंदा कडक झाल्यात गं. मोहन कमी पडलं वाटतं." सासूबाईंनी वर न पाहता सांगितलं, "सोऱ्या वरच्या फळीवर आहे. भाजणी निळ्या झाकणाच्या डब्यात." दीर हसले, पण उठले नाहीत. थोड्या वेळानं कुणीतरी घरकामाच्या मोबदल्याचा विषय काढला, तेव्हा तेच म्हणाले, "आईनं कधी हिशेब केला नाही. प्रेमानं केलं सगळं." खरंच होतं ते. पण हे वाक्य बोलायचा हक्क आईचा होता.

घरातल्या अशा वाक्यानं फार तर एका बाईची पाठ दुखते. सॉफ्टवेअरमध्ये त्याची किंमत जगाला मोजावी लागते. २०१४ साली ओपनएसएसएलमध्ये 'हार्टब्लीड' नावाचं भगदाड सापडलं. जगातल्या बँका आणि दुकानं ज्या कुलपावर विसंबून होती, ते सांभाळणाऱ्यांना तोवर वर्षाला जेमतेम २,००० डॉलरच्या देणग्या येत होत्या. एक्सझेड या फायली दाबून लहान करणाऱ्या साधनाची गोष्ट त्याहून बोलकी आहे. लिनक्सच्या बहुतेक सगळ्या यंत्रांत ते असतं, आणि फिनलंडचा लासे कॉलिन कित्येक वर्षं ते जवळजवळ एकट्यानं सांभाळत होता. २०२२ मध्ये त्याच्यामागे तगादा सुरू झाला. काम हळू चाललंय, दुसऱ्या कुणाकडे सोपव. हे बिनपगारी, छंदाचं काम आहे, याची आठवण त्यानं करून दिली. तगादा लावणारी ती नावं बनावट होती, असं आता मानलं जातं. मदतीला आला तो 'जिया तान' नावानं वावरणारा कुणीतरी. दोनेक वर्षं त्यानं इमानानं काम केलं, विश्वास कमावला आणि मग त्या साधनात चोरदरवाजा बसवला. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या यंत्रावर प्रवेश करताना अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. तो खोदत गेला, म्हणून आपण वाचलो.

या प्रकरणावर सुरक्षेच्या अंगानं बरंच लिहिलं गेलंय. मला त्यात दिसते ती एक सवय. थकलेल्या माणसाला "तू निरपेक्ष आहेस ना, मग कुरकुर कसली" म्हणायची. चोराला दार फोडावं लागलं नाही. तगादा लावणं हे आपल्याकडे इतकं रोजचं झालंय, की त्याचा तगादा कुणाला वेगळा वाटलाच नाही.

मग घेणाऱ्यावर बंधन घालावं का? रिचर्ड स्टॉलमननं १९८९ साली जीपीएल हा परवाना लिहिला, तो याच दिशेनं जातो. कोड घेऊन बदललात आणि पुढं वाटलात, तर बदललेलाही त्याच अटींवर खुला ठेवायचा. तिसऱ्या अध्यायातलं चक्र कायद्याच्या कलमात बसवावं, तसं आहे ते. आमचा परवाना एमआयटीचा. मूळ कर्त्यांची सूचना आणि परवान्याचा मजकूर सोबत ठेवा, बाकी काय हवं ते करा. नागपूरकराला जीपीएल हवाय. मी त्याला विचारलं, त्या कंपनीला तो लागू झाला असता का? नसता. ते आमचा कोड बाहेर कुणाला देत नाहीत, आपल्याच कचेरीत वापरतात, आणि असं वापरणाऱ्याकडून जीपीएल काही मागत नाही. कलम कुठंतरी उंबऱ्याशी थांबतंच. त्याच्या आत जे राहतं, त्याला आपल्याकडे ऋण म्हणतात. ते कुणी वसूल करायला येत नाही. ते आहे हे ज्याचं त्यानं ओळखायचं असतं.

एवढं म्हटल्यावर करणाऱ्यांकडेही बघायला हवं. आम्ही पैसे सोडले म्हणजे फळ सोडलं, असा समज आमच्या जगात पक्का आहे. पण इथं पैशावरून भांडणं होतातच कुठं? भांडण होतं ते शेवटचा शब्द कुणाचा यावरून. 'क्ष' शेवटी ठेवायचा की 'क'च्या पोटात, यावरून आमच्या तिघांत जे महाभारत झालं, त्यात कुणाला दमडी मिळणार नव्हती. तरी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत दिवे जळत होते. कोडचं दार उघडायचा अधिकार ज्याच्या हाती, त्याचं ते फळ असतं, आणि ते पैशापेक्षा चिवट असतं. सासूबाईंनीही पोळ्या, भाज्या, सणवार सगळं माझ्या हवाली केलंय. लोणच्यातलं मीठ मात्र अजून त्याच घालतात.

म्हणून मला गिडो व्हॅन रॉसमचं उदाहरण मोलाचं वाटतं. पायथन ही भाषा त्याची. लोक त्याला गमतीनं 'तहहयात दयाळू हुकूमशहा' म्हणत. जुलै २०१८ मध्ये, भाषेतल्या एका नव्या चिन्हावरून झालेल्या कडवट वादानंतर, त्यानं ते पद सोडलं. आपला वारसही नेमला नाही. कसं चालवायचं ते तुम्ही ठरवा म्हणाला. लोकांनी पाच जणांचं मंडळ निवडून द्यायचं ठरवलं. २०१९ च्या पहिल्या मंडळात तो स्वतः निवडून आला, पण पाचातला एक म्हणून. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्म टाकणं आणि फळ टाकणं यांत फरक केलाय. गिडोनं काम टाकलं नाही, त्यातला हुकूम टाकला. आणि तसं कर म्हणून कुणी त्याला श्लोक ऐकवला नव्हता.

त्या कंपनीचं पत्र मी सासूबाईंना वाचून दाखवलं होतं. ओपन सोर्स म्हणजे काय, हे त्यांना दोन वाक्यांत कळलं. म्हणाल्या, "वाढायचं थांबवू नकोस. पंगतीला आलेल्याला उठवायचं नसतं. पण बसल्या जागेवरून मीठ कमी म्हणायचं असेल, तर त्यानं एकदा तरी पाणी वाढलेलं असावं."

परवाना आम्ही बदललेला नाही. वापर सगळ्यांना खुला आहे, त्या कंपनीलाही. पण तक्रारींचा क्रम आता ठरवून टाकलाय. ज्यानं कधी चूक नीट शोधून कळवली, चाचणीला नावं दिली, दुसऱ्याच्या प्रश्नाला उत्तर दिलं, त्याचं काम आधी. बाकीचे रांगेत. नागपूरकर म्हणतो, हा सौदा झाला, यात निष्कामपणा राहिला कुठं. मला ते पटत नाही. फळ मागायचं नाही हे मी माझ्यापुरतं ठरवलंय आणि ते पाळणंही मला नेहमी जमतं असं नाही. पण घेणाऱ्याचं कर्तव्य त्याला माफ करून टाकायचा अधिकार मला कुठून आला? ते त्याचं आहे, आणि त्याच्यावाचून चक्र फिरत नाही.