सुरांचा ठावठिकाणा

फलटणसारख्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्या श्रोत्याला आयर्लंडचे पारंपरिक संगीत ऐकावेसे वाटले, तर ते त्याला आज विनासायास ऐकता येते. परंतु त्याच तालुक्यातील मेंढपाळांच्या तोंडी असलेली धुळोबाची ओवी कोणाकडून, कोणत्या दिवशी आणि कोठे ऐकायला मिळेल, असे त्याने विचारले, तर नेमके उत्तर सहसा मिळत नाही. या विसंगतीचे कारण आयरिश लोकांच्या अधिक परंपराप्रेमात शोधणे चुकीचे ठरेल, कारण परंपरेवरील प्रेमात माणदेश कोणत्याही देशाला हार जाणारा नाही. कोणतेही लोकसंगीत सापडते ते त्याच्याबरोबर राखल्या गेलेल्या नोंदीमुळे: कोणी गायिले, कोणत्या गावी, कोणत्या प्रसंगी, आणि गाणाऱ्याने ते कोणाकडून उचलले. ही नोंद जेथे पिढ्यान्‌पिढ्या होत आली, तेथील संगीत साता समुद्रापलीकडच्या श्रोत्यालाही गाठता येते. जेथे ती झाली नाही, तेथे ते शेजारच्या वस्तीवर असूनही हाती लागत नाही.

असे संगीत शोधणाऱ्यापुढची सर्वात मोठी अडचण बाजाराने चिकटवलेल्या लेबलाची असते. ‘केल्टिक संगीत’ या नावाखाली आयर्लंड, स्कॉटलंड, वेल्स, मॅन बेट, कॉर्नवॉल आणि फ्रान्समधील ब्रिटनी अशा सहा प्रदेशांची गाणी एकत्र विकली जातात. या प्रदेशांच्या भाषा एका कुळातील आहेत हे खरे, परंतु त्यांची वाद्ये, चाली आणि गाण्याचे प्रसंग वेगवेगळे आहेत. या नावाने शोध घेणाऱ्याच्या कानावर बहुधा धुक्याचा आणि समुद्राचा आभास निर्माण करणारे, यंत्रवाद्यांनी भरून काढलेले संथ संगीत पडते. याउलट न्यूयॉर्कला स्थलांतरित झालेला आणि 1920 च्या दशकात तेथे ध्वनिमुद्रिका देणारा स्लायगो परगण्याचा फिडलवादक मायकेल कोलमन याच्या नावाने शोध घेतला, तर एका विशिष्ट भूभागाची गज चालवण्याची ढब ऐकू येते. फिडल म्हणजे व्हायोलिनच. त्याच्यावर वाजणाऱ्या नृत्यधुनांपैकी ‘जिग’ हा प्रकार दादऱ्याच्या अंगाने सहाच्या चालीत जातो, तर ‘रील’ केरव्यासारखा चारच्या द्रुत चालीत धावतो, आणि हा फरक एकदा कानी बसला की ‘केल्टिक’ या शब्दाची गरज उरत नाही. ‘लोकगीत’ या मराठी लेबलाचीही हीच गत आहे. त्याखाली चित्रपटातील लावणी, ध्वनिफितीवरील भक्तिगीत आणि जात्यावरची ओवी एकाच रांगेत उभी राहतात, आणि त्यांपैकी ज्याला विकणारा कोणी नसतो तेच मागे पडते.

आयर्लंडमध्ये नोंदीची सुरुवात संगीत बुडण्याच्या भीतीतून झाली. 1792 च्या जुलैमध्ये बेलफास्ट येथे उरल्यासुरल्या हार्पवादकांना मुद्दाम एकत्र बोलावण्यात आले आणि त्यांच्या चाली उतरवून घेण्याचे काम एडवर्ड बंटिंग या 19 वर्षांच्या ऑर्गनवादकाकडे सोपवण्यात आले. हार्प हे मांडीशी टेकवून दोन्ही हातांनी छेडायचे तंतुवाद्य. जमलेल्या वादकांत नव्वदी ओलांडलेला, अंध डेनिस हेम्पसन हा एकटाच असा होता की जो धातूच्या तारा वाढवलेल्या नखांनी, जुन्या रीतीने छेडत असे. बंटिंगने ती रीत बारकाईने पाहिली. परंतु संग्रह छापताना त्याने त्या चाली पियानोच्या सोयीने बसवल्या, त्यामुळे छापील पानांतून हेम्पसनची बोटे पुरेशी उमटली नाहीत. शिवाय त्या पहिल्या मेळाव्यात लक्ष चालींवर होते. गाण्यांचे शब्द गोळा करण्यासाठी पॅट्रिक लिंच या आयरिश भाषेच्या जाणकाराला 1802 मध्ये, म्हणजे दहा वर्षांनंतर, पश्चिमेकडील खेड्यांत पाठवावे लागले.

महाराष्ट्रात नेमके उलट घडले, आणि त्याचा परिणाम आजचा श्रोता भोगतो आहे. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये बायकांच्या ओव्या ग्रथित केल्या, सांगली जिल्ह्यातील बागणी येथे जन्मलेल्या सरोजिनी बाबर यांनी राज्य लोकसाहित्य समितीच्या माध्यमातून गाणी, उखाणे, कहाण्या यांचे खंडामागून खंड सिद्ध केले. या कामाचे ऋण मोठे आहे. मात्र तो सारा वारसा शब्दांचा आहे. संकलकांची घडण साहित्याची होती, त्यांना ओवीतील काव्य जाणवले आणि त्यांनी ते वाचवले. चाल मात्र गाणारीच्या गळ्यातच राहिली. जात्यावरची ओवी कागदावर दोन ओळींत संपते. प्रत्यक्ष गाताना पहिली बाई ओळ उचलते, समोर बसलेली दुसरी खुंट्याला हात देता देता ती झेलते, मध्येच पालुपद येते, शब्द तुटतात आणि दळणाच्या फेऱ्याबरोबर पुन्हा जुळतात. एकच ओवी दोन गावांत दोन चालींवर चालते, आणि एकाच चालीवर शेकडो ओव्या गायिल्या जातात. ओवीसंग्रह चाळणाऱ्या वाचकाला यातले काहीही कळू शकत नाही.

ही उणीव ज्या प्रकल्पाने भरून काढली, तो मराठी घरांत आजही फारसा ठाऊक नाही, ही खेदाची गोष्ट आहे. पुण्यात राहून काम करणाऱ्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे असलेले गी पॉइटवाँ यांनी 1980 च्या दशकापासून ग्रामीण कार्यकर्त्या स्त्रियांच्या साहाय्याने जात्यावरच्या ओव्या जमवल्या. हजाराहून अधिक गावांतून त्यांची संख्या लाखाच्या पलीकडे गेली. पुढे संगीत आणि संगणक या दोन्हींचे जाणकार बर्नार्ड बेल या कामात आले आणि 1990 च्या दशकात निवडक गायिकांचे ध्वनिमुद्रण झाले. 2017 पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या जनसंग्रहाने ते टप्प्याटप्प्याने सर्वांसाठी खुले केले. येथे लक्ष द्यावे ते नोंदीच्या स्वरूपाकडे. प्रत्येक ध्वनिमुद्रणाखाली गायिकेचे नाव, गाव, तालुका, जात, वय, शिक्षण, मुले, व्यवसाय आणि मुद्रणाची तारीख येते. त्यामुळे परभणी जिल्ह्यातील ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांनी गायिलेल्या सीतेच्या वनवासाच्या ओव्या ‘एक जुने लोकगीत’ होऊन राहत नाहीत. त्या एका बाईने, एका गावात, आपल्या आयुष्याचा भार घेऊन गायिलेल्या ठरतात, आणि त्या आवाजाकडे पुन्हा परत जाता येते.

धनगरी ओवीची स्थिती याहून बिकट आहे. ही ओवी दोन ओळींची नसून बिरोबा, धुळोबा, म्हस्कोबा अशा मेंढपाळ देवांची दीर्घ कथा असते. आरंभी देवाचे ‘सुंबरान’ मांडले जाते, म्हणजे स्मरण करून त्याला आवाहन केले जाते. मग ढोल-कैताळाच्या साथीने काही भाग गायिला जातो आणि तोच भाग पुढे बोलत्या, लयदार गद्यात उलगडत जातो. कैताळ म्हणजे मोठी झांज. गाणे आणि सांगणे यांचा हा फेर रात्रभर चालू शकतो. हायडेलबर्ग विद्यापीठाचे अभ्यासक गुंथर सोंथायमर यांनी या परंपरेमागे आयुष्य वेचले. 1992 मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे अभ्यासक ॲन फेल्डहाऊस यांनी रामदास आतकर आणि राजाराम झगडे यांच्या सहकार्याने केलेला बिरोबा आणि धुळोबा यांच्या कथांचा इंग्रजी अनुवाद 2014 मध्ये ग्रंथरूपाने आला. धुळोबा हा याच मुलखातला देव. फलटण तालुक्यात धुळदेव नावाचे गावच आहे. म्हणजे फलटणच्या देवाची कथा इंग्रजी वाचकाच्या हाती पडली आहे, आणि फलटणच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या तरुणाला ती गाणाऱ्या माणसाचे नाव ठाऊक नसण्याची शक्यताच अधिक आहे. यात दोष विदेशी अभ्यासकांचा मुळीच नाही. त्यांनी जे केले ते येथील संस्थांनी आधी करायला हवे होते.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की लोकसंगीत त्याच्या प्रसंगातच जगते, नोंदवहीत आणि संग्रहालयात ते मरते. आक्षेपातील पहिला भाग खरा आहे. आयर्लंडमध्ये ‘शान-नोस’ नावाची, कोणत्याही वाद्याच्या साथीविना गायची जुनी गायकी आहे. स्वयंपाकघरातील चुलीशी बसलेल्या चार माणसांसमोर ती जशी उमलते तशी ध्वनिमुद्रणात उमलत नाही, हे तिचे संग्राहकही मान्य करतील. परंतु नोंदीने गायकी मारली, असे आयर्लंडचा अनुभव सांगत नाही. शिकागोच्या पोलीस दलाचे प्रमुख फ्रान्सिस ओनील यांनी स्थलांतरित आयरिश वादकांकडून धुना ऐकल्या, त्यांचे सहकारी जेम्स ओनील यांनी त्या स्वरलिपीत उतरवल्या, आणि 1903 मध्ये 1,850 धुनांचा ग्रंथ निघाला. तोच ग्रंथ पुढे आयर्लंडमधील वादक शिकण्यासाठी वापरू लागले. परदेशी गेलेल्यांनी सांभाळलेली परंपरा मायदेशी परतली. सातारा-सांगलीची माणसे पोटासाठी मुंबईच्या गिरण्यांत गेली तेव्हा त्यांच्याबरोबर भजन, भेदिक, पोवाडा आणि तमाशाही गिरणगावात गेला. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांची शाहिरी तेथेच बहरली. मात्र गिरणगावच्या चाळींतील त्या गळ्यांना त्यांच्यातूनच एखादा ओनील लाभला असता, तर आज खटाव-माणच्या गावांत किती चाली परत आल्या असत्या, हा विचार अस्वस्थ करतो.

डब्लिनचे पारंपरिक संगीत संग्रहालय 1987 मध्ये सुरू झाले. परंतु अशा संस्थेला लागतो तेवढा पैसा आणि मनुष्यबळ तालुक्याच्या ठिकाणी उभे राहणार नाही. अनुकरण करण्याजोगे उदाहरण त्याहून जुने आणि स्वस्त आहे. आयरिश लोकसाहित्य आयोगाने 1937 ते 1939 या काळात प्राथमिक शाळांतील वरच्या वर्गांच्या मुलांना घरच्या आणि शेजारच्या वृद्धांकडून कथा, समजुती, गाणी, औषधे, खेळ असे सारे ऐकून वहीत उतरवायला सांगितले. सुमारे 5,000 शाळांतील 50,000 हून अधिक मुलांनी हे काम केले, आणि त्या वह्या आज तेथील राष्ट्रीय ठेवा मानल्या जातात. मूल स्वरलिपी लिहू शकत नाही. परंतु ‘हे कोणी सांगितले, त्यांचे वय किती, त्यांनी कोणाकडून ऐकले’ एवढे ते अचूक लिहू शकते, आणि पुढे येणाऱ्या ध्वनिमुद्रकाला नेमके तेवढेच हवे असते.

फलटण, माण, खटाव आणि पलीकडे आटपाडी, कवठे महांकाळ या तालुक्यांतील शाळांना असे काम सहज करता येईल. प्रसंग ठरलेले आहेत, म्हणून शोधही ठरवून घेता येतो. पिठाच्या गिरणीने रोजचे दळण संपवले असले, तरी लग्नाच्या हळदीला जाते मांडले जाते आणि त्याभोवती म्हाताऱ्या बायका अजून ओवी धरतात. चैत्रात शिखर शिंगणापूरला कावडी मुंगी घाटाने वर चढतात, तेव्हा गावोगावची मंडळी वाजतगाजत येतात. आरेवाडीच्या बिरोबाच्या बनात यात्रेला ढोलांचे ताफे उतरतात आणि गजी नृत्याचे फेर धरले जातात. या प्रत्येक ठिकाणी पहिल्या वर्षी ध्वनिमुद्रणही नको. गाणाऱ्याचे नाव, गाव, गुरू आणि तो कोणत्या देवाची कोणती कथा पूर्ण सांगू शकतो, एवढी यादी पुरे. ती यादी गाणाऱ्यांच्या संमतीने व्हावी, तिची एक प्रत त्यांच्या घरी राहावी, आणि पुढे ध्वनिमुद्रण झालेच तर तेही प्रथम त्यांना ऐकवले जावे. मेंढ्यांचे वाडे, म्हणजे कळपांसह फिरणारी धनगरांची बिऱ्हाडे, पावसाळा सरल्यावर चाऱ्यासाठी कोकणाकडे उतरतात आणि पुढच्या पावसाच्या तोंडावर परत येतात. तेव्हा धनगरी ओवीपुरते हे काम वाडे गावी असतानाच, दसऱ्याच्या आधी, हाती घ्यावे लागेल.