'ने' : एका अक्षराचं मनन

स्वस्थ बसा. पाठ ताठ असू द्या, खांदे सैल सोडा. आता एकच अक्षर सावकाश उच्चारा : ने.

जीभ वरच्या दातांमागे टेकते, आवाज नाकात घुमतो. जीभ सुटते आणि 'ए' बाहेर पडतो. पुन्हा म्हणा. या वेळी अर्थाकडे जाऊ नका, फक्त जिभेचा स्पर्श जाणवू द्या.

तरीही अर्थ डोकावलाच असेल. 'जाताना डबा ने' म्हटलं की हात आपोआप पुढे होतो. 'वाऱ्याने दार लोटलं' म्हणताना हाच 'ने' प्रत्यय होऊन शब्दाला चिकटतो. दोन्ही अर्थ घरचेच. त्यांना क्षणभर बाजूला बसवा.

आता मनाने एका दूरच्या नदीकाठी चला. बल्गेरिया, ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्या सीमा तिथे मिळतात. बल्गेरियन लोक या नदीला मारित्सा म्हणतात, ग्रीक एव्रोस म्हणतात, तुर्क मेरिच. काठावर उभे राहून म्हणा : ने. ग्रीक माणसाला ऐकू येईल 'हो'. बल्गेरियन माणसाला 'नाही'. तुर्काला 'काय?'

इथे थोडं थांबा. तुम्ही नेमकं काय बोललात?

या तिन्ही 'ने'ची कुळकथा वेगळी आहे. बल्गेरियन 'ने' हा आपल्या 'न'चा लांबचा भाऊबंद. दोघांचं मूळ एकच. ग्रीक 'ने'चा प्राचीन उच्चार 'नाइ' असा होता. 'आइ' झिजून त्याचा 'ए' झाला. आपल्याकडेही अशीच झीज झाली : संस्कृत 'नयति', प्राकृत 'णेइ', मराठी 'नेतो'. तुर्की 'ने' तर निराळ्याच भाषाकुळातला.

आणखी पुढे चला. कोरियात 'ने' म्हणजे 'हो'. फिनलंडमध्ये 'ने' म्हणजे 'ती', अनेकवचनी. जपानी माणूस वाक्याच्या शेवटी 'ने' जोडतो, आपण 'छान आहे ना?' म्हणतो तसा. आपला 'ना' आणि जपानी 'ने' सख्खे वाटतात. पण नातं नाही. एक व्यंजन आणि एक स्वर एवढ्याशा शब्दात योगायोग होणारच. भाषांचं नातं ठरतं ते अनेक शब्दांत नियमाने जुळणाऱ्या ध्वनींवरून.

मग अर्थ कुठून येतो? पतंजलीने महाभाष्यात म्हटलं आहे की घट हवा असला तर माणूस कुंभाराकडे जातो, पण बोलायला शब्द हवेत म्हणून कुणी वैयाकरणाच्या घरी जात नाही. शब्द लोकांच्या व्यवहारात आधीपासून असतात. नदीकाठच्या त्या तिघांच्या कानांवर ध्वनी एकच पडला. अर्थ ज्याच्या त्याच्या लोकांनी दिला.

पुन्हा एकदा म्हणा : ने. 'हो', 'नाही', 'काय?' हे तिन्ही अर्थ त्यात एकदम ऐकण्याचा प्रयत्न करा. जमणार नाही. मन लगेच एक अर्थ पकडतं. ते पकडणं तेवढं पाहा.

आपल्या घरातही हेच चालतं. कुणाचं 'बघू' म्हणजे होकार असतो, कुणाचं 'बघू' म्हणजे सभ्य नकार. म्हणून आज कुणाच्या एका शब्दावरून मनात राग धरण्याआधी सरळ विचारा, 'म्हणजे काय?' आणि उत्तर पूर्ण ऐकून घ्या.