फळाची वाट पाहावी काय?



रोश हशाना जवळ आला की आपल्या घरांत एक प्रश्न हटकून निघतो. दुसऱ्या रात्री शेहेहेयानू म्हणण्यासाठी नवे फळ कोणते आणावयाचे? ही बेराखा ज्या फळाला वर्षातून ठराविक मोसम आहे त्याच्यावरच म्हणतात. बारा महिने मिळणाऱ्या फळावर नाही. केळ्यावर आपण ती म्हणत नाही. सफरचंद तर शीतगृहाच्या कृपेने वर्षभर ताजेच! डाळिंब आणि घोसासकट मिळणारा पिवळा ओला खजूर अजून हाताशी आहेत, हे आपले नशीब.

यातून आम्हांस एक मोठा प्रश्न सुचतो. खिशात पैसा असेल तर कोणतेही फळ, कोणतीही भाजी, कोणत्याही महिन्यात खाण्यात वाईट ते काय? कश्रूतचे नियम काय खावे व कसे खावे ते सांगतात. किसलेव्ह महिन्यात भेंडी खाऊ नये असे कोठेही सांगितलेले नाही. म्हणजे प्रश्न ज्याच्या त्याच्या मनाचा.

पुष्कळजण म्हणतात की कोकणातले आपले वाडवडील मोसमाप्रमाणे खात, म्हणून ते आपल्याहून शहाणे. हे आम्हांस पटत नाही. तेलाचा घाणा आणि भाताचे एखादे खाचर, एवढ्यावर संसार चाले. भर पावसाळ्यात भाजी दुर्मीळ, म्हणून सुके वाल भिजवून, मोड आणून, सोलून बिरडे करीत. त्यावरून तिशा बेआवला बिरड्याचा सण हे नाव पडले. त्यांना निवड नव्हती. लाचारीला सद्गुण म्हणणे बरे नव्हे.

पण त्या लाचारीतूनच एक मोलाची गोष्ट निपजली. नव्याचा सण, नव्या धान्याची नारळाच्या रसातली खीर म्हणून खिरीचा सण, बिरड्याचा सण: ही नावे हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी आपल्या इतिहासात नोंदवून ठेवली आहेत. ग्रंथ हाताशी नव्हते, इब्री नावे विस्मरणात गेली होती, तरी सण राहिले. ज्यांनी ते राखले त्यांत चुलीपाशी बसलेल्या बायकांचा वाटा मोठा, असे आम्ही मानतो.

आता निवड आपल्या हाती आहे. म्हणूनच आता तो नीतीचा प्रश्न झाला. नोकरी सांभाळून घर चालविणाऱ्या सुनेने गोठविलेल्या भाजीची पिशवी आणली, आजाऱ्याला अवेळी आंबा खावासा वाटला, तर त्यांना बोल लावणारे आम्ही कोण? पण शेतकऱ्याकडेही पाहावयास हवे. त्याचे पीक एकदम येते, ते आपल्या लहरीसाठी थांबत नाही. 7 ऑक्टोबर 2023 नंतर गाझालगतच्या नेगेवमधील शेतांत भाजी उभी होती आणि तोडावयास हात नव्हते. अनेक थाई मजूर मारले गेले, काहींना पळवून नेले, हजारो मायदेशी परतले. तेव्हा शहरांतून माणसे तोडणीला गेली. मे 2024 मध्ये तुर्कस्तानने व्यापार थांबविला, तेव्हा त्यांचे टोमॅटो बंद झाले. जवळचे शेत कशासाठी हवे, हे त्या दिवसांत कोणाला समजावून सांगावे लागले नाही.

शमितेचा, म्हणजे जमिनीच्या विश्रांतीच्या सातव्या वर्षाचा, एक नियम आम्हांस फार विचार करण्याजोगा वाटतो. त्या वर्षीचे फळ रानातल्या जनावराला शेतात मिळते आहे तोवरच आपण घरात ठेवावयाचे. शेतातले संपले की घरातला साठा बाहेर काढून सर्वांना मोकळा करावयाचा. आपले कपाट आणि शेत यांची अशी गाठ तोराने मारून दिली आहे. मागची शमिता 5782 साली झाली, म्हणजे 2021-22 मध्ये. पुढची 5789 मध्ये यावयाची. मधली सहा वर्षे मात्र आपल्यावर सोपविलेली आहेत. ती कशी घालवावी हे सांगणारा नियम नाही, आणि तेथेच माणसाची परीक्षा असते.

आम्ही आपले जमेल तेवढे करतो. भेंडी उन्हाळ्यातच घ्यावी, बोटाच्या दोन पेरांएवढी, शेपूट मोडून पाहावे. शूकमधला दुकानदार त्यावरून ओरडतो. ओरडू द्या! वाकडी काकडी नाकारू नये, चवीत ती सरळच असते. उन्हाळी शेतांच्या बांधावर तण म्हणून उगवते ती आपली घोळच. लसूण, हिरवी मिरची व मूठभर तूरडाळ घालून करावी. पावसानंतर खुबेझा येते. 1948 च्या वेढ्यात यरुशलेमच्या लोकांना तिने आधार दिला. पाने कोवळी पाहून तोडावीत, जून झाली की चिवट लागतात.

आमच्या सौ. मात्र फ्रीजरमध्ये भेंडीची एक पिशवी ठेवतातच. म्हणतात, पाहुण्याला सारखी घोळच वाढली तर तो पुन्हा येणार नाही.