नांग्या



मृगाचा पाऊस पडला की आपल्या वऱ्हाडातला कास्तकार पेरणीला लागतो. चार दिवस बरे जातात आणि मग पाऊस अशी दडी मारतो की वर आलेले कोंब तापल्या मातीत करपून जातात. सगळेच गेले तर दुबार पेरणी. पुन्हा बियाण्याची बॅग, पुन्हा उसनवारी. थोडे गेले असेल तर घरची माणसे तासातासाने फिरतात आणि जिथे खाडा पडला तिथे हाताने दोन-दोन दाणे टोबतात. याला आपण नांग्या भरणे म्हणतो. अशा वावराकडे पाहून कोणी म्हणत नाही की ह्या कास्तकाराची निष्ठा कमी पडली.

श्रद्धेच्या बाबतीत मात्र आपण वेगळा हिशेब लावतो. ज्याचा एकही रविवार चुकला नाही तो श्रद्धावंत, आणि ज्याचा मध्येच खंड पडला तो गेला, असे आपण धरून चालतो. खंड पडलेला माणूसही स्वतःबद्दल तेच धरून चालतो, हे त्याहून वाईट.

आमच्या ओळखीचा एक तरुण पुण्याला नोकरीला आहे. सुटीत घरी आला तेव्हा त्याने आम्हांला सरळच विचारले, “मिस्सात माझे मन लागत नाही. प्रार्थना तोंडाने म्हणतो, आत काहीच हलत नाही. मग नुसते येऊन बसणे हा ढोंगीपणा नाही का?” प्रश्न प्रामाणिक आहे. त्याला दटावून भागणार नाही.

आम्हांला असे वाटते की ढोंगी माणूस जे आपल्याजवळ नाही ते असल्याचे दाखवतो. कोरडे मन घेऊन देवासमोर बसणारा काही दाखवत नसतो. जे आहे तेच घेऊन आलेला असतो. शेजारी काय म्हणतील एवढ्याच धाकाने कोणी येत असेल तर गोष्ट वेगळी, आणि आम्हीही कधी कधी तेवढ्यासाठीच आलो आहोत, हे कबूल केलेले बरे. पण कोरडेपणा म्हणजे ढोंग नव्हे. मदर तेरेसा यांची खाजगी पत्रे २००७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला कळले की त्यांना कित्येक दशके प्रार्थनेत देवाची जवळीक जाणवतच नव्हती. हे त्यांनी आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शकांना लिहून कळवले होते, लपवले नव्हते. रोजची प्रार्थना आणि कोलकात्याच्या रस्त्यावरचे काम मात्र सोडले नाही. ख्रिस्तसभेने २०१६ साली त्यांना संत म्हणून घोषित केले, ते हा कोरडेपणा पूर्णपणे ठाऊक असताना.

आपल्या धर्मप्रांताच्या मुळाशीही असाच एक लांबलचक कोरडा काळ आहे. संत फ्रान्सिस द सेल्स १५९४ साली शाब्ले प्रांतात गेले तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. जिवाला धोका म्हणून रात्री आलँजच्या किल्ल्यात राहायचे आणि दिवसा थोनों गावापर्यंत पायी जायचे, थंडीतही. लोक प्रवचनाला येईनात. वडील म्हणत होते परत ये. पहिली काही वर्षे हाती लागली ती मोजकीच माणसे. तेव्हा त्यांनी आपले म्हणणे कागदावर उतरवले आणि ते कागद लोकांच्या घरोघर पोहोचवले. लोक येत नाहीत तर कागद तरी जावा! म्हणूनच १९२३ साली पोप अकरावे पायस यांनी त्यांना लेखक व पत्रकारांचे आश्रयदाते संत ठरवले. (आपल्या ह्या चार पानी पत्रकालाही त्यांचा आश्रय मिळत असावा, अशी आमची समजूत आहे.) त्यांच्या नावाचा संघ १८३८ साली आनसी येथे स्थापन झाला. त्या संघाचे धर्मगुरू १८४६ साली विशाखापट्टणमला उतरले आणि पुढे नागपूर भागात आले. १९५५ साली नागपूरपासून वेगळा होऊन आपला अमरावती धर्मप्रांत झाला. पहिले बिशप जोसेफ रोझारियो त्याच संघाचे. ते १९९५ पर्यंत म्हणजे चाळीस वर्षे ह्या पदावर होते. आपल्याला सगळे लवकर हवे असते. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला मार्गावरचा ७५ किलोमीटरचा पट्टा साडेचार दिवसांच्या आत डांबरून झाला आणि जागतिक विक्रम नोंदला गेला. विक्रमाचे कौतुक आहेच. पण त्याआधी त्याच रस्त्याने हाडे खिळखिळी करून घेत अकोल्याला जाणाऱ्यांना धीर म्हणजे काय ते अधिक कळत असेल.

आता मार्कची गोष्ट. संत पौल आणि बर्णबा पहिल्या प्रवासाला निघाले तेव्हा हा तरुण त्यांच्यासोबत होता. पंफुल्यात पोहोचल्यावर तो त्यांना सोडून यरुशलेमला परतला. का, ते प्रेषितांच्या कृत्यांत सांगितलेले नाही. पुढच्या प्रवासाच्या वेळी बर्णबा म्हणाला, त्याला घेऊ. पौल म्हणाला, नाही. दोघांचे इतके बिनसले की वाटा वेगळ्या झाल्या आणि बर्णबा मार्कला घेऊन कुप्रला गेला.

पौलाचे अगदीच चुकले असे आम्ही म्हणणार नाही. अर्ध्या वाटेत सोडून जाणाऱ्याचे ओझे मागे राहिलेल्यांना वाहावे लागते. तरी आमचे मन बर्णबाकडे जाते. पौल नुकताच ख्रिस्ताकडे वळला होता आणि यरुशलेमचे शिष्य त्याला भीत होते, तेव्हा त्याचा हात धरून प्रेषितांकडे नेणारा हाच बर्णबा होता. पौलाला त्या क्षणी ते आठवले नसावे. आपल्यालाही आठवत नाही. पुढे तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, मरण समोर दिसत असताना, पौल सांगतो की देमास सोडून गेला. आणि लगेच पुढे, मार्कला घेऊन ये, तो उपयोगी आहे. परंपरेप्रमाणे हाच मार्क शुभवर्तमानकार. देमासाचे पुढे काय झाले ते ठाऊक नाही. त्याला कोणी बर्णबा भेटला की नाही, तेही नाही.

आम्हांला भेटला. बऱ्याच वर्षांपूर्वी सणाच्या खर्चाच्या हिशेबावरून आमचा तंटा झाला. चूक कोणाची हे आज सांगण्यात अर्थ नाही, थोडी आमचीही होती. आम्ही यायचे बंद केले. पहिल्या रविवारी रागाने, दुसऱ्या रविवारी हट्टाने, आणि पुढे नुसते जमेनासे झाले म्हणून. वर्ष गेले. पुन्हा यावेसे वाटू लागले तेव्हा लाज आडवी आली, इतक्या दिवसांनी कोणत्या तोंडाने जायचे?

त्या वर्षभरात एक म्हातारे काका दर रविवारी दुपारी सायकलवरून आमच्या दाराशी यायचे. “हे तुयं पत्रक. वाचजो. नाई वाचलं तरी चालते,” एवढेच म्हणायचे. का येत नाही, हे एकदाही विचारले नाही. कपाशीचा भाव, पोराची परीक्षा, चहा, आणि सायकलला टांग. आम्ही परत आलो त्या दिवशी ते बाकावर थोडे सरकले आणि हातातले गीतांचे पुस्तक आमच्याकडे केले.

काका जाऊन चार वर्षे झाली. आता पत्रकांचा गठ्ठा दाराजवळच्या टेबलावर असतो. मिस्सा संपल्यावर त्यातल्या सात-आठ प्रती उरतात. त्या कोणाकोणाच्या, ते आपल्यापैकी बहुतेकांना नावानिशी ठाऊक आहे. घरेही ठाऊक आहेत.