तिसरे शरण

बुद्धाला आणि धम्माला शरण जाणे मनाला पटकन पटते. संघाला का जायचे? माणसे म्हटली की रुसवेफुगवे, मानापमान आलेच.

याचे उत्तर मला नागपुरात, दीक्षाभूमीवर मिळते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, विजयादशमीला, बाबासाहेबांनी भिक्खू चंद्रमणींकडून दीक्षा घेतली आणि लाखोंना बावीस प्रतिज्ञा दिल्या. आजही त्या दिवसांत खेड्यापाड्यांतून माणसे येतात, उघड्यावर सतरंजी अंथरतात. रात्री ढोलकी घुमते, वामनदादा कर्डकांची गाणी रंगतात. आमच्या वस्तीच्या मंडपात मी मसालेभात वाढते. कोण कुठला, हे कुणी विचारत नाही. अनोळखी आजीचे गाठोडे शेजारची पोरगी सांभाळते.

ध्यान एकट्याने करता येते. समता मात्र एकट्याने पाळता येत नाही. तिला समोर दुसरा माणूस लागतोच. संघ मुळात भिक्खूंचा, पण मैत्री आणि करुणा आचरून पाहायला आम्हा उपासकांनाही माणसांचा मेळ हवा. म्हणूनच तिसरे शरण सर्वांत अवघड आहे. मंडप उतरल्यावर, भांडलेल्या शेजाऱ्याच्या दारी आपण जातो का, यावरच ते खरे ठरते.