नवा मालक, जुना शेजारी



उन्हाळा लागला की आपल्या घाटंजी भागात दोन कामे निघतात. शेतकरी पऱ्हाट्या उपटून वखर धरतो, आणि ज्याने वर्षभरात शेत किंवा प्लॉट विकत घेतला असेल तो मोजणीच्या मागे लागतो. शेजाऱ्यांची भांडणेही बहुतेक याच दिवसांत उभी राहतात. कुणी म्हणतो, दरवर्षी एकेक तास घालून धुरा माझ्याकडे सरकवला. कुणाच्या प्लॉटवर शेजारच्या पत्र्याचे पाणी पडते. कुठे वर्षानुवर्षे बैलगाडी जात होती, तिथे नव्या मालकाने काटेरी तार ओढलेली असते. अशा वेळी कागद आपल्या बाजूने असला, तर ख्रिस्ती माणसाने किती ताणावे आणि किती सोडावे?

जमीन विकत घेणे आणि तिची हद्द नक्की करून घेणे यात काही पाप नाही. सारा वारली तेव्हा अब्राहाम हेब्रोनमध्ये परका होता. एफ्रोनने त्याला शेत आणि मकपेलाची गुहा फुकट देऊ केली, तरी अब्राहामने वेशीत लोकांदेखत 400 शेकेल चांदी तोलून दिली. शेत, गुहा आणि हद्दीच्या आतली झाडेसुद्धा त्याच्या नावावर झाली, असे उत्पत्तीच्या 23 व्या अध्यायात नोंदले आहे. आजच्या खरेदीखतापेक्षा ते कमी काटेकोर नाही! आणि अनुवादाच्या पुस्तकात तर शेजाऱ्याच्या हद्दीची खूण सरकवणाऱ्याला शाप आहे.

पण नव्या मालकाची एक समजूत असते. ज्या दिवशी आपल्या नावाचा फेरफार झाला, त्या दिवसापासून या जमिनीचा इतिहास सुरू झाला, असे त्याला वाटते. शेजाऱ्याजवळ कागद नसतो; त्याच्याजवळ वहिवाट असते. त्याचा बाप त्याच वाटेने गेला, त्याच कडूनिंबाखाली त्याने बैल बांधले. कायदासुद्धा हे सगळे निकालात काढत नाही. 1882 च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे एखाद्या वाटेचा किंवा पाण्याचा हक्क म्हणून, उघडपणे, अडथळ्याशिवाय 20 वर्षे वापर झाला असेल, तर तो हक्कच ठरू शकतो. जमीन मालक बदलते, शेजार तोच राहतो. तेव्हा ‘मी पैसे मोजले’ हे उत्तर कायद्याच्या दृष्टीनेही पुरेसे नाही, मग प्रीतीच्या आज्ञेपुढे ते कसे पुरेल?

याच प्रश्नावर उत्पत्तीच्या 26 व्या अध्यायातला इसहाक फार कमी वेळा आठवला जातो. गरारमध्ये तो उपरा, पण त्याचे पीक शंभरपट आले, कळप वाढले. लोकांना मत्सर वाटला आणि त्यांनी त्याच्या बापाच्या विहिरी मातीने बुजवल्या. तो सरकून खोऱ्यात गेला. तिथे नोकरांना जिवंत झरा लागला, तर गरारचे गुराखी म्हणाले, पाणी आमचे. त्याने विहिरीला एसेक, म्हणजे भांडण, असे नाव दिले आणि पुढे जाऊन दुसरी खणली. तिच्यावरूनही वैर झाले. तिसरी खणली तेव्हा कुणी आले नाही. तिचे नाव रहोबोथ, म्हणजे मोकळी जागा. दोन विहिरी गेल्या, पण इसहाकाने खणणे थांबवले नाही. पुढे राजा अबीमलेख स्वतः त्याच्याकडे आला, तेव्हा इसहाकाने गोड बोलून वेळ मारून नेली नाही. तुम्ही माझा द्वेष केला, मला घालवून दिले, मग आता कशाला आलात, असे त्याने तोंडावर विचारले. त्यानंतर जेवण घातले, आणि सकाळी उठून शपथ झाली. मला हा क्रम महत्त्वाचा वाटतो. दुखणे न सांगता केलेला समेट पहिल्याच पावसात वाहून जातो.

मग नेहमी सोडूनच द्यायचे काय? नाही. राजांच्या पहिल्या पुस्तकात नाबोथाने आपला मळा सोडला नाही आणि पवित्र शास्त्र त्याला कुठेही हट्टी म्हणत नाही. अहाब राजा तर बदल्यात चांगला मळा किंवा रोख किंमत द्यायला तयार होता! तरी दोषी अहाबच. इसहाक सोडू शकला, कारण तो बलवान होता. तुम्ही आमच्यापेक्षा प्रबळ झाला आहात, असे अबीमलेखच त्याला म्हणाला होता. नाबोथाजवळ वाडवडिलांच्या मळ्यापलीकडे बळ नव्हते.

म्हणून जमीन घेणाऱ्याने आधी स्वतःला विचारावे, या शेजारात मी कोण आहे? भांडणात प्रत्येकाला आपण नाबोथ आहोत असेच वाटते. पण नोकरीच्या पगारावर रस्त्याकडेचे शेत घेणारा आणि शेजारचा दोन एकरांचा कोरडवाहू शेतकरी यांच्यात बलवान कोण, हे सांगायला तलाठ्याची गरज नाही. आपल्या जिल्ह्यात गोंड आणि कोलाम बांधवांच्या जमिनी अशाच हातच्या गेल्या. त्या परत देण्यासाठी राज्याला 1974 चा वेगळा कायदा करावा लागला, हे आपण विसरू नये.

बळ आपल्याकडे असेल तर पहिले पाऊल आपले. मोजणीचा अर्ज भूमी अभिलेख कार्यालयात दिला की लगतच्या धारकांना तिथून नोटीस जाते. ती हाती पडण्याआधी आपण स्वतः त्याच्या ओसरीवर जाऊन बसावे आणि म्हणावे, ‘भाऊ, मोजणी टाकतो आहे, तुम्हीही उभे राहा.’ मत्तयाच्या 18 व्या अध्यायात प्रभूने हाच क्रम दिला आहे : आधी एकट्याने, मग एकदोघांना घेऊन, मग मंडळीपुढे. आपण उलटे करतो. आधी पानठेल्यावर, मग कचेरीत, आणि त्या माणसाशी कधीच नाही.

एकदोघांना घेऊन बसण्याची रीत आपल्याला नवी नाही. 15 ऑगस्ट 2007 पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने राज्यात गावोगाव समित्या बसवल्या. बक्षिसासाठी काही ठिकाणी तंटे कागदावरच मिटले असतील, तरी बसण्याची सवय चांगली होती. एकाची जमीन दुसऱ्याच्या आणि दुसऱ्याची पहिल्याच्या ताब्यात 12 वर्षे असेल, तर नाममात्र शुल्कात अदलाबदल करून देणारी सलोखा योजना शासनाने 2023 मध्ये आणली. दोघांनी एकत्र येऊन सही केल्याशिवाय तिचा उपयोग नाही.

आणि समोरचा बधलाच नाही, वाट अडवूनच बसला तर? तहसीलदारांकडे जाणे म्हणजे वैर नव्हे. 1906 च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली शेताची वहिवाटीची वाट अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा करावा लागतो, म्हणून ‘बघू पुढे’ म्हणत मनात कुढत बसू नये. अर्ज देण्याआधी शेजाऱ्याला तसे सांगावे. तारखेला दोघांना यवतमाळ रोडवर एकाच एस.टी.ची वाट पाहावी लागली, तर शेजारी उभे राहावे. रविवारी शांतीचा नमस्कार करताना तो दोन बाकांपलीकडे असेल, तर त्याच्याकडेही वळावे, दावा चालू असला तरी.